टीबीच निघो

मोठ्या सरकारी दवाखान्याच्या मागच्या अंगाला, शवागाराच्या भिंतीला लागून एक लांबट खोली होती. रोग्यांच्या अंगातून काढलेल्या गाठी, मांसाचे तुकडे बरण्यांतून तिथे येत आणि चार-पाच दिवसांनी काचेच्या पट्ट्यांवर चढून डॉक्टरांच्या टेबलावर जात. मधल्या दिवसांत त्या तुकड्यांचं जे काय होई, ते श्रावणजी हेडाऊंच्या हातून होई.

श्रावणजी जातीने कोष्टी, राहणारे नागपूरच्या टिमकीचे. आजाचा माग, बापाचा माग, आणि वयाच्या बाराव्या वर्षापासून स्वतःचा. पण लढाईनंतरच्या वर्षांत सुतावर कंट्रोल आला, सूत मिळेनासं झालं आणि आठ-आठ दिवस माग मुका राहू लागला. त्यातच १९४९च्या उन्हाळ्यात त्यांची बायको मैनाबाई गेली. सहा महिने खोकत होती. अंगावरचं मांस झडून झडून शेवटी तिच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायच्या. वैद्याने नाडी पाहिली आणि क्षय सांगितला. कोणी छातीचा फोटो काढला नाही, कोणी थुंकी तपासली नाही. पण गल्लीला तेवढा शब्द पुरला. नळावर बाया आपली भांडी तिच्या भांड्यापासून दूर सरकवू लागल्या. ती गेल्यावर श्रावणजींची थोरली विधवा बहीण सखूबाई घर सांभाळायला आली. तिने पहिलं काम केलं ते हे, की मैनाची वाकळ, तिचा कंगवा, तिचं ताट सगळं नाल्याकाठी नेऊन पेटवलं. ताट पितळेचं होतं, ते जळालं नाही. ते तिने तिथेच राखेत सोडलं.

मागे राहिली अकरा वर्षांची मुलगी, पुष्पलता. तिचं तोंड पाहून श्रावणजींनी माग उचलून भिंतीला लावला आणि पुढच्या वर्षी दवाखान्यात नोकरी धरली. आधी बरण्या धुणं, फरशी पुसणं हेच काम. एके दिवशी यंत्रावर काप काढणारा माणूस रजेवर होता आणि विभागाचे प्रमुख डॉ. कृष्णकांत वझलवार स्वतःच यंत्रापाशी बसून वैतागले होते. मेणात बसवलेल्या तुकड्याचा त्यांनी काढलेला प्रत्येक काप फाटत होता.

"साहेब, मी पाहू?" श्रावणजी दारातून म्हणाले.

साहेबांनी मान वर केली. "तू? याआधी काय करत होतास?"

"लुगडे विनत होतो साहेब."

साहेब उठले आणि खुर्ची मोकळी केली. त्या दिवशी श्रावणजींचेही काप फाटले, पण साहेबांपेक्षा कमी फाटले. महिन्याभरात ते काम त्यांचंच होऊन बसलं.

काम सांगायला सोपं. तुकडा आधी औषधात मुरवायचा, मग स्पिरिटमधून एकेक पायरी नेत त्यातलं सगळं पाणी काढायचं, मग पातळ मेणात ठेवून त्याचा साबणाच्या वडीएवढा ठोकळा करायचा. तो ठोकळा यंत्राला लावला, चाक फिरवलं, की पात्यावरून कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ कापांची फीत निघायची. ती कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलायची आणि निळ्या-गुलाबी रंगात बुडवायची. पातं बोथट असलं तर रेघा पडत, श्वास जोराने सोडला तर फीत उडून जाई. श्रावणजी अर्धी सकाळ नुसतं पातं परजण्यात घालवत. दवाखान्यात त्यांना 'कापणारे श्रावणजी' असं नाव पडलं. टिमकीत हे कुणाला कळू नये याची सखूबाई फार काळजी घेई.

वझलवार साहेब बोलायला तुटक, पण त्यांना शिकवायची हौस होती. एकदा त्यांनी श्रावणजींना काचपट्ट्या पाहायच्या सूक्ष्मदर्शक दुर्बिणीपाशी बोलावलं.

"बघ. ही मानेतली गाठ आहे. मधोमध काय दिसतं?"

"काहीच नाही साहेब. पुसल्यासारखं आहे."

"ते मेलेलं मांस. दह्याच्या चोथ्यासारखं होतं. आता त्याच्या कडेला बघ. मोठी पेशी दिसते? आत ठिपके आहेत ते कसे मांडलेत?"

श्रावणजींनी डोळा लावून धरला. "घोड्याच्या नालेसारखे."

"बस. ही नाल दिसली, मधला चोथा दिसला, की टीबी. पेशंटला खोकला असो, नसो. थुंकीत जंतू सापडो, न सापडो. गाठ खोटं बोलत नाही."

श्रावणजी त्या दिवशी घरी गेले ते मैनाचा विचार करत. तिच्या मानेत गाठी होत्या की नव्हत्या, हेच त्यांना आठवेना. सहा महिने शेजारी झोपलेल्या बाईची मान आपण कधी नीट पाहिलीच नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं. वैद्य म्हणाला क्षय, आपण मान हलवली. खरं काय होतं, ते कापून पाहणारं तेव्हा कोणी नव्हतं.

पण त्या खोलीने त्यांची एक भीती घालवली. पुढच्या दोन-तीन वर्षांत टीबीच्या गोळ्या आल्या. सुया आधीच आल्या होत्या. नालेची खूण सापडलेले रोगी वर्षा-दीड वर्षाने चांगले भरलेल्या अंगाने दवाखान्याच्या आवारात दिसू लागले. टिमकीत कोणी टीबीचं नाव काढून कानाला हात लावला, की श्रावणजी म्हणत, "आता त्याचं काही भेव नाही राहिलं." लोक ऐकत आणि विश्वास ठेवत नसत.

पुष्पलताचं लग्न १९५५ साली झालं. जावई रुपराव निमजे खापरखेड्याच्या बिजलीघरात कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर कामाला होता. अबोल, सरळ माणूस. घरात त्याची आई कौशल्याबाई आणि विधवा भावजय, तिची दोन लहान लेकरं. मुलीची आई कशाने गेली हे लग्नात कोणी विचारलं नाही, आणि सखूबाईने सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी, नागपूरचं राजधानीपण जाऊन कचेऱ्यांतले कागद पेट्यांत भरले जात होते त्या दिवसांत, एका रविवारी कौशल्याबाई पुष्पलताला घेऊन टिमकीत आली. पोरीच्या हातात कपड्यांचं गाठोडं होतं. कौशल्याबाई उंबरठ्याच्या आत आली नाही.

"इहीणबाई, आत या ना," सखूबाई म्हणाली.

"नाही. मले सांगा फक्त, हिची माय कशानं मेली?"

सखूबाईने मागे वळून घरात पाहिलं. श्रावणजी बाहेर आले.

"हिच्या मानेले पाहा," कौशल्याबाई म्हणाली. "दोन महिन्यांपासून गाठी येऊन राहिल्या. रोज संध्याकाळी अंग तापते. आता बाया सांगतात का हिची माय खयानं मेली म्हणून. माह्या घरी लहान लेकरं आहेत. तुमी आमाले फसवलं."

"इहीणबाई, गाठीचा टीबी असा खोकल्यासारखा लागत नाही," श्रावणजी म्हणाले. "अन् आता गोळ्या आहेत त्याच्या. बरा होते."

"मंग बरी करा अन् पाठवा," म्हणून ती वळली. पुष्पलता तिच्या पाया पडायला वाकली, तशी ती दोन पावलं मागे सरली.

पोरगी आत येऊन भिंतीला टेकून बसली. अठरा वर्षांची. पदर बाजूला केला तर मानेच्या डाव्या बाजूला सुपारीएवढ्या तीन गाठी. श्रावणजींनी बोटाने चाचपून पाहिल्या. रबरासारख्या लागल्या. दुखत नव्हत्या.

"हे काही म्हणाले नाहीत," पुष्पलता म्हणाली. "मी निघाली तवा नुसते आपल्या दारात उभे होते."

"भिऊ नको वं माय," श्रावणजी म्हणाले. "मी रोज पायतो हे. टीबीच असंल. वर्षभर गोळ्या खायच्या अन् सुखानं आपल्या घरी जायचं."

हे त्यांनी धीर द्यायला म्हटलं नव्हतं. त्यांची तशी खात्रीच होती.

दवाखान्यात सर्जनने मान तपासली, फोटो काढला, थुंकी पाहिली. छाती साफ होती. वझलवार साहेबांनीही पोरीला पाहिलं आणि श्रावणजींना बाजूला घेऊन म्हणाले, "आपल्याकडे मानेतल्या दहा गाठींमागे सात टीबीच्याच. पण मी अंदाजावर गोळ्या देणार नाही. एक गाठ काढू, बघू."

सोमवारी गाठ काढली. दुपारी ती बरणी खोलीत आली. बरणीवर चिठ्ठी होती: पुष्पलता रुपराव निमजे, स्त्री, वय १८, मानेची गाठ, टीबी? प्रश्नचिन्ह साहेबांच्या अक्षरातलं होतं.

"श्रावण, ही दुसऱ्या कोणाकडून करून घेऊ," साहेब म्हणाले. "मेडिकलची पोरं आहेत."

"ते फाडतील साहेब," श्रावणजी म्हणाले. "मीच करतो."

पुढचे तीन दिवस ते नेहमीसारखेच वागले. तुकडा मुरवला, स्पिरिटमधून नेला, मेणात बसवला. घरी पुष्पलता गळ्याला पट्टी बांधून आत्याला भाजी निवडून देई आणि रोज संध्याकाळी विचारी, "झालं का हो बाबा?" ते म्हणत, "गाठ कापायची घाई करून चालत नाही माय. कच्ची राहिली तं काहीच दिसत नाही."

गुरुवारी सकाळी त्यांनी पातं परजलं, केसावर लावून पाहिलं, पुन्हा परजलं. मग ठोकळा यंत्राला लावला. फीत अशी निघाली, की सहा वर्षांत तशी निघाली नव्हती. एक सुरकुती नाही, एक रेघ नाही. काचेवर उचलून, रंगवून, वरून झाकणकाच बसवेपर्यंत दुपार झाली. साहेब वर्गावर गेले होते. दुर्बीण मोकळी होती.

श्रावणजी बसले. त्यांना वाटलं होतं, डोळा लावताच मधला पुसट चोथा दिसेल. दिसला नाही. पट्टी डावीकडून उजवीकडे सरकवली, मग वरून खाली. कुठे मेलेलं मांस नाही, कुठे नाल नाही. बारीक निळ्या ठिपक्यांची गर्दी होती आणि त्या गर्दीत मधूनच काही मोठ्या पेशी होत्या. एकेकीच्या आत दोन-दोन गोळे, आणि प्रत्येक गोळ्यात एक गडद बुबुळ. घुबड समोरून पाहावं तशा त्या पाहत होत्या. असल्या पेशी श्रावणजींनी सहा वर्षांत चार-पाच वेळा पाहिल्या होत्या. दर वेळी साहेब आवाज खाली आणून मुलांना दाखवत, आणि त्या पट्टीच्या माणसाला गोळ्या लिहून दिल्या जात नसत.

ते उठले. पुन्हा यंत्रापाशी गेले. त्यांना वाटलं, वरच्या थरात नसेल, खाली असेल. टीबी कधीकधी गाठीच्या एकाच कोपऱ्यात बसलेला असतो, हे साहेबच सांगायचे. त्यांनी चाक फिरवलं. दहा काप काढले, रंगवले, पाहिले. पुन्हा दहा. शुक्रवारी सकाळी लवकर येऊन पुन्हा सुरू केलं. चाक फिरवताना तोंडाने काहीतरी पुटपुटत होते. शेजारी बरण्या लावणाऱ्या भंगी बाईला वाटलं, श्रावणजी देवाचं नाव घेतात. ते म्हणत होते, "टीबी निघो. टीबीच निघो."

ज्या रोगाच्या नावाने बायकोचं ताट राखेत टाकलं गेलं, तोच रोग ते पोरीसाठी मागत होते.

साहेब अकरा वाजता आले, तेव्हा त्यांच्या टेबलावर काचपट्ट्यांच्या सहा ओळी मांडलेल्या होत्या. ते खुर्चीवर बसले. एक पट्टी पाहिली, दुसरी पाहिली, आठ-दहा पाहून झाल्यावर मागे टेकले. चष्मा काढला.

"श्रावण, टीबी नाही."

"माहीत आहे साहेब."

"केव्हापासून?"

"काल दुपारपासून."

साहेबांनी त्या ओळींकडे पाहिलं. "मग इतक्या कशाला केल्यास?"

"खाली कुठी सापडते का, पाहून राहिलो होतो."

"ठोकळ्यात किती शिल्लक आहे?"

"काही नाही साहेब. मेण आहे."

साहेबांनी दुर्बिणीखालची पट्टी काढून परत ओळीत ठेवली. मग म्हणाले, "हॉजकिन म्हणतात याला. गाठींचाच कर्करोग. मुंबईला विजेचे किरण देतात. मी चिठ्ठी देतो. गाठी विरघळतात, माणूस उठून हिंडू-फिरू लागतो."

"अन् मंग?"

"परत येतात."

"किती दिवसांनी साहेब?"

"वर्ष. दोन वर्षं. कोणाला जास्त." साहेबांनी चष्मा पुसायला घेतला आणि पुसत राहिले. "कापलंस फार सुरेख. मी या पट्ट्या मुंबईलाही पाठवतो. पण तिथे वेगळं काही सांगतील असं मला वाटत नाही."

संध्याकाळी श्रावणजी टिमकीत शिरले, तेव्हा सखूबाई दारातच उभी होती.

"काय निघालं गा?"

बोलायची वाक्यं त्यांनी वाटेत जुळवली होती. पहिलं वाक्य ते बोलले, "टीबी नाही निघाला."

दुसरं वाक्य तोंडातच राहिलं. सखूबाईने दोन्ही हात कपाळाला लावले आणि गल्लीकडे तोंड करून ओरडली, "टीबी नाही वं! माह्या पोरीले टीबी नाही!" सात वर्षं गिळलेला शब्द तिने असा भर गल्लीत थुंकून टाकला. समोरच्या घरातली बाई बाहेर आली, तिच्या मागून आणखी दोघी. सखूबाई आत धावली आणि साखरेचा डबा घेऊन आली. पुष्पलता दारात येऊन उभी राहिली. गळ्याच्या पट्टीवर हात ठेवून ती हसत होती. माहेरी आल्यापासून श्रावणजींनी तिला हसताना पाहिलं नव्हतं. सखूबाईने त्यांच्या तळहातावरही साखर ठेवली. ती त्यांनी डोळे पुसत तोंडात टाकली.

दुसरं वाक्य त्या दिवशी बोललं गेलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

बातमी खापरखेड्याला पोचायला वेळ लागला नाही. रविवारी कौशल्याबाई आणि रुपराव आले. तिच्या हातात नारळ आणि नवं लुगडं होतं. या वेळी ती उंबरठा ओलांडून थेट आत आली, पुष्पलताला जवळ घेतलं आणि रडू लागली. "चुकलं वं माय माझं. लोकाईचं ऐकून मी तुले धाडलं." पुष्पलताही रडली. सखूबाईने चहा टाकला. घरात सणासारखं झालं.

श्रावणजी रुपरावला म्हणाले, "जवाईबुवा, जरा चाला माह्यासंगं."

दोघं नाईक तलावाकडे चालत गेले. काठावर म्हशी बसल्या होत्या. श्रावणजी पाण्याकडे पाहत सगळं बोलले. किरणांचं, मुंबईचं, गाठी परत येण्याचं, वर्षा-दोन वर्षांचं. रुपराव ऐकत होता. कोळशाच्या कामाने त्याच्या नखांभोवती काळ्या कडा बसल्या होत्या. तो अंगठ्याने त्या खरवडत राहिला.

"तिले माहीत आहे?"

"नाही."

"तुमी सांगतलं नसतं तं आमी आज आनंदानं घेऊन गेलो असतो," रुपराव म्हणाला.

"म्हणूनच सांगतलं. आता नेणं न नेणं तुमच्यावर आहे. मी तिले ठेवून घेईन. बोल लावणार नाही."

रुपरावने नखं खरवडणं थांबवलं. "मामाजी, मायनं तिले घरून काढलं, तवा मी आपल्या दारात उभा होतो. काहीच बोललो नाही. ती माह्याकडे पाहून राहिली होती." तो टिमकीच्या वाटेकडे वळला. "मी नेतो तिले. मुंबईलेबी मीच नेतो. मायले आत्ताच काही सांगू नका."

दोघं परत आले. पुष्पलता नवं लुगडं नेसून बसली होती.

गाठींवर मुंबईला इलाज आहे एवढंच घरी सांगून रुपराव सुटी काढून पुष्पलताला तिकडे घेऊन गेला. दीड महिना दोघं तिथे एका गाववाल्याच्या खोलीत राहिले. किरणांनी मानेची कातडी काळी पडली, पण गाठी खरंच विरघळल्या. १९५७चा उन्हाळा, पावसाळा आणि थंडी पुष्पलता खापरखेड्याच्या वसाहतीत चांगली नांदली. संक्रांतीला माहेरी आली, तेव्हा तिचं अंग भरलं होतं. श्रावणजी तिला जेवताना पाहत आणि त्यांना वाटे, साहेबांची चूक झाली असेल. पट्ट्या पुन्हा काढून पाहाव्यात, असं त्यांच्या मनात दोनदा आलं. पट्ट्या कपाटातच होत्या. त्यांनी त्या काढल्या नाहीत.

होळीच्या सुमारास काखेत गाठ आली. मग दुसऱ्या बाजूला. पुन्हा मुंबई. या वेळी गाठी पुरत्या गेल्या नाहीत, आणि ताप राहिला.

त्या पावसाळ्यात पुष्पलता काही दिवस टिमकीत होती. एका दुपारी सखूबाई बाजारात गेली होती. पुष्पलता खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली, "बाबा, तुमी माही गाठ कापली ना, तवाच पायलं होतं तुमी."

श्रावणजी सूप घेऊन तांदूळ निवडत होते. ते थांबले. "कोण म्हणालं?"

"कोणी नाही. मुंबईले आमी जिथं जात होतो, तिथं सारे तसेच होते. काय समजत नाही का मले? टीबीवाल्याईले तिथं धाडत नाहीत." ती कुशीवर वळली. "तवा आत्याबाई साखर वाटून राहिल्या होत्या अन् तुमी साखर खाल्ली. मले तवा वाटलं, बाबा आनंदानं रडून राहिले."

"मले बोलताच नाही आलं वं."

"बरं झालं नाही बोलले. एक वर्ष मले चांगलं भेटलं." मग तिने विचारलं, "कसं दिसत होतं ते?"

"काय?"

"माही गाठ. दुर्बिणीत."

श्रावणजींनी सूप बाजूला ठेवलं. "निळं अन् गुलाबी असते. बारीक बारीक. ठिपक्याच्या लुगड्यासारखं." मग काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "तुही पट्टी सगळ्याईत चांगली कापल्या गेली होती. साहेबबी म्हणाले."

पुष्पलता हसली. हसता हसता खोकली, आणि श्रावणजींनी उठून तिला पाणी दिलं.

शेवटचे चार महिने ती खापरखेड्याला होती. स्वतःच म्हणाली, मले माह्या घरी नेऊन घाला. कौशल्याबाईला आता सगळं माहीत होतं. तिने एकदाच विचारलं होतं, "हे लागत नाही ना?" नाही म्हटल्यावर तिने सुनेचं सगळं केलं. आंघोळ घातली, केस विंचरले, शेवटी शेवटी पेज चमच्याने भरवली. श्रावणजी दर रविवारी जात आणि हे पाहत. त्यांना कौशल्याबाईचा राग करावासा वाटे. तिचे उपकार मानावेसेही वाटत. दोन्ही त्यांना धड जमत नसे. टीबी असता तर हीच बाई पोरीच्या सावलीला उभी राहिली नसती, पण टीबी असता तर पोरगी जगली असती.

१९५९च्या फेब्रुवारीत एका सकाळी पुष्पलता गेली. एकविसावं सरायचं होतं. रुपराव कामावर होता, त्याला बोलावून आणलं. तो कोळशाच्या हातांनीच आला आणि तिच्या पायाशी बसला. हात धुवायला कोणी सांगितलं नाही.

तेरवी झाल्यावर श्रावणजी कामावर परतले. वझलवार साहेबांसमोर उभे राहून म्हणाले, "साहेब, एक मागणं आहे. बाकी काहीही कापीन. मानेच्या गाठी मले नका देऊ."

साहेब "बरं" म्हणाले. राजधानी गेल्यावर एका बंद झालेल्या कचेरीतून चंपतराव नावाचा उतारवयाचा माणूस या विभागात आला होता. मानेच्या गाठी त्याच्याकडे गेल्या. चंपतराव मनाने चांगला होता, पण त्याचा हात कागदांना सरावलेला. दोन महिने निभले. मग एक दिवस साहेब खोलीत आले. त्यांच्या हातात दोन पट्ट्या होत्या, काप चुरगळलेले, रेघारेघांचे.

"यात मला काही दिसत नाही," ते चंपतरावला म्हणाले. "ठोकळ्यातही काही उरलेलं नाही. बाईची दुसरी गाठ काढावी लागेल. पुन्हा मान कापायची तिची."

चंपतराव खाली मान घालून उभा राहिला. साहेबांनी श्रावणजींकडे पाहिलंही नाही. पट्ट्या टेबलावर ठेवून ते निघून गेले.

श्रावणजी त्या दुपारी जेवले नाहीत. सुटीच्या वेळी ते बायकांच्या वॉर्डात गेले. इतक्या वर्षांत ते वॉर्डात कधी गेले नव्हते. बरण्या त्यांच्याकडे येत, माणसं येत नसत. कडेच्या खाटेवर उमरेडकडची एक बाई बसली होती, प्रेमिला नावाची, तिशीची. मानेला पट्टी. दुसऱ्यांदा कापायचं म्हणून सकाळपासून रडून डोळे सुजले होते. शेजारी नवरा बसून तिला बिस्कीट खा म्हणत होता. श्रावणजी लांबूनच पाहून परतले.

दुसरी बरणी आली, तेव्हा चंपतरावने हात पुढे केला. श्रावणजींनी ती त्याच्या हातातून घेतली.

"मले द्या," ते म्हणाले. "तुमी पातं परजाले बसा. मी दाखवतो कसं."

पाच दिवसांनी त्या गाठीत टीबी निघाला. साहेबांनी चिठ्ठीवर तसं लिहिलं, बाईला सुया आणि गोळ्या सुरू झाल्या आणि पुढच्या आठवड्यात ती गावी गेली. श्रावणजींनी तिला पुन्हा पाहिलं नाही. बरी झाली असावी.

ते आणखी चौदा वर्षं त्या यंत्रावर होते. मानेची गाठ कापायची असली, की त्या सकाळी ते कोणाशी बोलत नसत, आणि खोलीतल्या माणसांनाही ते ठाऊक झालं होतं. काप काचेवर चढले, की पट्टी साहेबांच्या टेबलावर ठेवून ते बाहेर, शवागाराच्या पडवीत जाऊन बसत. दुर्बिणीला डोळा त्यांनी पुन्हा कधी लावला नाही.